दाढ दुखायची थांबली होती

दंतवैद्याकडे येणारा माणूस बहुधा दुखते म्हणून येतो आणि दुखायचे थांबले की येईनासा होतो. या सवयीविषयी मी रुग्णांशी नेहमी बोलत आले आहे. पण ती माणसाला कुठवर नेते, हे गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी जितक्या जवळून पाहिले तितके त्याआधी कधी पाहिले नव्हते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत. आजाराचे तपशील जसेच्या तसे आहेत.

माझा दवाखाना कोपरखैरण्यात आहे. वाशीच्या बाजार समितीत माथाडीचे काम करणारी अनेक कुटुंबे या भागात राहतात, त्यांतली बरीचशी सातारा-सांगलीकडची. रविवारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी कॉम्प्रेसर दुरुस्त करायला माणूस येणार होता म्हणून शटर अर्धे उघडे होते. त्याखालून वाकून एक तरुण मुलगा आत आला आणि म्हणाला, "मॅडम, वडिलांना बघता का? सूज लई वाढलीया." मागोमाग त्याचे आईवडील आले. वडील पन्नाशीचे, आयुष्यभर कांद्या-बटाट्याची पोती वाहिलेले, अंगाने मजबूत. ते किंचित पुढे झुकून उभे होते, हनुवटी वर उचललेली होती आणि तोंडाशी धरलेला रुमाल लाळेने भिजलेला होता.

आमच्या धंद्यात रुग्ण खुर्चीवर बसला की पाय आपोआप पेडलकडे जातो आणि खुर्ची मागे झुकते. त्या दिवशी मी ती झुकवली नाही. लाळ बाहेर गळते आहे, याचा अर्थ ती गिळता येत नाही. हनुवटी वर आहे, याचा अर्थ श्वासाची वाट मोकळी ठेवण्यासाठी शरीर स्वतःहून धडपडते आहे. अशा माणसाला आडवे केले तर जीभ मागे जाऊन उरलेली वाटही बंद होऊ शकते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात; यांच्या तोंडात माझे एक बोट जेमतेम गेले. जीभ टाळूला भिडली होती. तिच्याखालची जागा दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती आणि बाहेरून जबड्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हनुवटीखालचा भाग लाकडी फळीसारखा कडक लागत होता. एकाच बाजूला मऊ, बोटाखाली हलणारी सूज असती तर मला इतकी भीती वाटली नसती. तिथे पू एका जागी साठलेला असतो. इथे तो साठला नव्हता, पसरत चालला होता. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून आजही त्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. हृदयाच्या अँजायनाशी त्याचा काही संबंध नाही. प्रतिजैविके येण्यापूर्वी यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, आणि तेही बहुधा श्वास कोंडून.

हा आजार बहुधा खालच्या मागच्या दाढांपासूनच का होतो, हे समजून घेण्याजोगे आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला हाडावर एक तिरपी कड असते आणि तिच्यापासून निघालेला पातळ स्नायू तोंडाचा तळ उचलून धरतो. पुढच्या दातांची मुळे साधारणपणे या कडेच्या वर संपतात, तर दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे तिच्याखाली उतरतात. शिवाय त्या ठिकाणी हाडाची आतली भिंत पातळ असते. त्यामुळे दुसऱ्या दाढेच्या मुळाशी झालेला पू हाड फोडून निघाला की तोंडात न येता थेट गळ्याच्या कप्प्यांत उतरतो. तिथून जिभेखाली आणि पलीकडच्या बाजूला जायला त्याला फारसा अडसर नसतो.

आणि पू ज्या क्षणी हाडातून बाहेर पडतो त्याच क्षणी दुखणे कमी होते, कारण हाडात कोंडलेला दाब सुटतो. या प्रकरणात मला सर्वाधिक छळणारी गोष्ट हीच आहे.

त्यांच्या पत्नीने सांगितलेला क्रम असा होता. आठवड्याच्या सुरुवातीला दाढेचा ठणका असह्य झाला, तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. मुलाने खिशातून पाकिटे काढून दाखवली: एक डायक्लोफिनॅक, म्हणजे वेदनाशामक, आणि दुसरी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, म्हणजे जंतुनाशक. ही दुसरी गोळी जुलाबावरचे औषध म्हणून प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे दाढदुखीवर चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जाते. ती कुणी, कधी रूढ केली हे देव जाणे. दातांच्या संसर्गात जे स्ट्रेप्टोकॉकस जंतू आघाडीवर असतात त्यांच्यावर ऑफ्लॉक्सासिनचा प्रभाव कमकुवत असतो, आणि योग्य प्रतिजैविक घेतले तरी किडलेली दाढ जागेवर असेपर्यंत ते मूळ उपटू शकत नाही. गुरुवारी ठणका थांबला. गोळ्या लागू पडल्या असे वाटून सगळे निश्चिंत झाले आणि हे कामावर गेले. शुक्रवारी गालाखाली सूज दिसली, तेव्हा गरम विटेचा शेक दिला. शनिवारी रात्री घास गिळेना, म्हणून जवळच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले.

"तितं इंजेक्शन दिलं मॅडम, छातीची पट्टीबी काढली. दुखतंय का म्हनून इचारलं. मालक म्हनले, आता दुखत न्हाई. मग ते बोलले, दाताचं हाय, सोमवारी दाताच्या डॉक्टरला दावा."

मुलाचे म्हणणे होते की मी तिथल्या तिथे दाढ काढावी. त्याच्या दृष्टीने ते रास्तच होते. दाढेमुळे झाले, दाढ काढली की संपले. मी त्याला सांगितले की तोंड उघडत नसताना दाढेपर्यंत पोहोचता येणार नाही, संसर्ग झालेल्या जागेत भुलीचे इंजेक्शन नीट काम करत नाही, आणि मध्येच श्वास अडला तर माझ्या दवाखान्यात तो पुन्हा सुरू करण्याचे कोणतेही साधन नाही. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता. त्या आकड्यावर मी भरवसा ठेवला नाही. वाट पुरती बंद होत आली तरी तो शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. रक्तातली साखर ३०० च्या पुढे होती. मधुमेह आहे हे घरात माहीत होते, गोळ्या मात्र "बरं वाटतं म्हणून" बंद केल्या होत्या.

मुलगा रिक्षा बघायला निघाला होता. त्याला थांबवून मी १०८ ला फोन केला, मग एका ओरल सर्जन मित्राला, आणि त्याच्यामार्फत अतिदक्षता विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ बाईंना. रुग्णवाहिकेत त्यांना बसूनच राहू द्यावे, आडवे करू नये, हे मला दोनदा सांगावे लागले. पाणीसुद्धा द्यायचे नाही असे त्यांच्या पत्नीला बजावून मी सोबत गेले.

रुग्णालयाच्या प्रवेशाच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "डेंटल केस आहे ना? डेंटल केस इन्शुरन्समध्ये बसत नाही." रुग्ण दारात बसून लाळ गाळतो आहे आणि त्याला कोणत्या विभागाच्या नावावर दाखल करायचे यावर चर्चा चालली आहे, हे दृश्य मला आजही संताप आणते. भूलतज्ज्ञ बाई स्वतः खाली आल्या, त्यांनी रुग्णाकडे एकदा पाहिले आणि चर्चा संपली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. कुणीतरी आधी सीटी स्कॅन करू म्हणाले, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला: स्कॅनसाठी आडवे व्हावे लागते, आणि श्वासाची नळी बसण्याआधी हा माणूस आडवा होणार नाही. रुग्णाला बेशुद्ध न करता, जागा आणि बसलेला ठेवून, नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने त्यांनी नळी श्वासनलिकेत नेली. ते चालू असताना सर्जन गळ्याला छेद देण्याची तयारी करून शेजारी उभा होता. त्या सगळ्या वेळात त्या रुग्णाशी हळू आवाजात सतत बोलत राहिल्या, "काका, नाकानेच श्वास घ्या, चालू आहे, चांगलं चाललंय." नळी बसल्यावर पुढचे काम आम्हा लोकांना ओळखीचे होते. जबड्याखाली दोन्ही बाजूंना आणि हनुवटीखाली छेद घेतले. पू थोडाच निघाला, दुर्गंधीयुक्त तपकिरी पाणी मात्र पुष्कळ. कप्पे मोकळे करून उरलेला स्राव वाहून जाण्यासाठी रबरी ड्रेन ठेवले आणि दाढ काढली. तिचा मधला भाग किडीने पोखरून पोकळ झाला होता. वेळेत रूट कॅनाल झाले असते तर ती कदाचित तोंडात राहिली असती.

ते वाचले. काही दिवस आयसीयूत काढून घरी गेले आणि आता कामावर आहेत.

शनिवारी रात्रीच्या त्या डॉक्टरविषयी मी अजून विचार करते. तो निष्काळजी नव्हता. जबड्याचे दुखणे हृदयाचेही असू शकते हे लक्षात ठेवून त्याने ईसीजी काढला होता. फक्त तोंड उघडून जीभ वर करायला सांगितले नाही, आणि रुग्ण दुखत नाही म्हणाला त्यावर विश्वास ठेवला. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दातांच्या वाट्याला येणारा वेळ फारच थोडा असतो. पण दोष एकट्या त्याला देणे मला पटत नाही. ठाणे-नवी मुंबईत जवळपास प्रत्येक गल्लीत दंतवैद्याची पाटी आहे, आणि रविवारी त्यांतल्या बहुतेक सगळ्या पाट्यांखाली कुलूप असते, माझ्याही. रात्रपाळीच्या डॉक्टरने "दंतवैद्याला दाखवा" म्हटले तेव्हा त्या वेळी उघडा असलेला दंतवैद्य त्याला तरी कुठे ठाऊक असणार होता? सोमवारची वाट पाहिली असती तर काय झाले असते याचे उत्तर आम्हा सर्वांना माहीत आहे.

नंतर मी त्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि मी लिहून दिलेला कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला: सूज जबड्याखाली उतरली असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर दुखत असो वा नसो, गोळी देऊ नये, अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तेव्हापासून त्याने काही सुजलेले रुग्ण माझ्याकडे पाठवलेही आहेत. त्याचे दुकान रात्री अकरापर्यंत उघडे असते आणि माझा दवाखाना नऊला बंद होतो. परिसरातल्या दंतवैद्यांनी आळीपाळीने रविवार आणि रात्रीचा फोन सांभाळावा, असे मी आमच्या गटात सुचवले आहे. होकार थोड्यांचेच आले आहेत. पहिला रविवार मी घेतला आहे.