उकळत्या अग्निगोलातून सुटणारी नाजूक अणुकेंद्रके

येथे कोल्हापुरात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना केंद्रकीय भौतिकी शिकवताना मी एका प्रश्नापाशी दरवर्षी आवर्जून थांबतो. ज्या तापमानाला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन स्वतःच नुकते घडलेले असतात, तेथून ड्यूटेरॉनसारखे, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचे, सैल बांधणीचे केंद्रक सहीसलामत बाहेर पडते तरी कसे?

जिनिव्हाजवळच्या सर्न येथे शिशाची केंद्रके एकमेकांवर आदळतात, तेव्हा प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे घटक असलेल्या क्वार्क आणि ग्लुऑन यांचा प्लाझ्मा क्षणमात्र अस्तित्वात येतो. तो प्रसरण पावून निवत जातो आणि सुमारे १५६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे जवळपास १.८ लाख कोटी केल्विनला, निरनिराळ्या कणांचे प्रमाण ठरून जाते. ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा, म्हणजे तो फोडायला लागणारी ऊर्जा, मात्र अवघी २.२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. गुऱ्हाळात रस कढत असतानाच काहिलीत गुळाची तयार ढेप सापडावी, तसा हा प्रकार आहे.

या कोड्याची उत्तरे देणारी दोन प्रारूपे आहेत. पहिल्या, सांख्यिकीय प्रारूपानुसार पायॉन या हलक्या कणापासून हेलियम-४ पर्यंत सर्वांची संख्या त्या एकाच तापमानावरून ठरते, आणि तब्बल नऊ दशघातांच्या, म्हणजे अब्जपटीच्या, पल्ल्यात हे गणित मोजमापांशी जुळते. दुसरे प्रारूप म्हणते की, कण पांगत असताना जे प्रोटॉन-न्यूट्रॉन जागेने आणि वेगाने एकमेकांच्या निकट उरतात, तेच शेवटी जुळतात. पहिल्याचे यश नाकारता येत नाही, तरी केंद्रक प्रत्यक्ष कसे घडते याचे उत्तर मला दुसऱ्यातच दिसते. सर्नमधील अ‍ॅलिस प्रयोगाने २०२५ मध्ये प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतील पायॉन आणि ड्यूटेरॉन यांचे परस्परसंबंध तपासून दाखवले की, बहुतांश ड्यूटेरॉन हे डेल्टासारख्या अल्पायुषी कणांच्या क्षयातून आलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांपासून, म्हणजे थोडे उशिराच, घडतात. प्रतिड्यूटेरॉनांचे, म्हणजे उलट प्रभाराच्या प्रतिकणांनी बनलेल्या ड्यूटेरॉनांचेही, तसेच आहे.

सर्नमधील टकरींच्या ऊर्जेला द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारख्याच प्रमाणात निर्माण होते. मात्र शिशाच्या टकरींत केंद्रकात एक कण वाढला की उत्पादन सुमारे ३०० पटींनी घटते, आणि अशाच घटीमुळे अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे स्टार प्रयोगाला २०११ मध्ये प्रतिहेलियम-४ ची केवळ १८ केंद्रके मिळाली. ती ओळखण्याची रीत मला फार देखणी वाटते. कण वायूने भरलेल्या कक्षातून जाताना मागे आयनांची रेघ सोडतो. प्रभार दुप्पट असल्याने प्रतिहेलियमची रेघ तितक्याच वेगाच्या प्रतिप्रोटॉनाच्या चौपट दाट उमटते, चुंबकीय क्षेत्रात ती हेलियमच्या उलट दिशेला वळते, आणि उड्डाणाला लागलेल्या वेळावरून वस्तुमान कळते.

या मोजमापांचा धागा थेट आकाशाशी जुळतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील एएमएस उपकरण वैश्विक किरणांत प्रतिकेंद्रके शोधते, कारण ती कृष्णद्रव्याच्या, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्याच्या, कणांच्या परस्परविनाशातूनही येऊ शकतात. पण वाटेतल्या वायूत ती किती शोषली जातात, हे आधी ठाऊक हवे. अ‍ॅलिसने आपल्याच शोधकयंत्राच्या पदार्थात प्रतिहेलियम-३ किती नष्ट होते ते मोजले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार कृष्णद्रव्यातून निघालेल्यांपैकी सुमारे निम्मी केंद्रके आकाशगंगा ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचू शकतात.