रेस केली की चढणारी शिट्टी

गाडी रेस केली की स्पीकरमधली शिट्टी चढते, पाय काढला की उतरते, अशी तक्रार असेल तर स्पीकर बदलू नका. डेक (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेयर) पण बदलू नका. बहुतेक वेळा त्या दोघांचा काही दोष नसतो.

आमच्या दाजींच्या स्विफ्टमध्ये नेमकं हेच चाललं होतं. त्यांनी हौसेनं डिकीत अँप (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) आणि वूफर बसवून घेतला आणि गाडी घरी आणेपर्यंत गाण्याच्या मागं डास लागल्यासारखा बारीक आवाज सुरू झाला. दुकानदार म्हणाला, "थोडं असतंच साहेब, फिल्टर टाकून देतो." मी शिरोली एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग बघतो. आवाज कुठून शिरतोय हे न बघता कुणी "फिल्टर टाकतो" म्हटलं की माझं डोकं फिरतं. दाजींना म्हटलं, पैसे देऊ नका, रविवारी गाडी घेऊन या.

ही शिट्टी येते अल्टर्नेटरमधून. गॅरेजवाले अजून त्याला डायनामोच म्हणतात. त्यात तीन फेजचा एसी तयार होतो आणि सहा डायोड त्याचा डीसी करतात. पण हा डीसी सपाट नसतो, त्यावर बारीक लहरी राहतात. हिशोब करून बघा: इंजिन आयडलला ९०० आरपीएम, पुलीमुळं अल्टर्नेटर अडीच पट वेगानं फिरतो असं धरा, आत १२ पोल (चुंबकाची टोकं), म्हणजे एका फेरीत ३६ लहरी. म्हणजे लहरींची फ्रिक्वेन्सी साधारण १३५० हर्ट्झ झाली. इंजिन ३००० वर नेलं की तीच ४५०० हर्ट्झ होते. कानाला सगळ्यात टोचणारा पट्टा हाच. म्हणून तर शिट्टी ॲक्सिलरेटरबरोबर चढते.

आता प्रश्न एवढाच, की ती गाण्यात मिसळते कुठं.

आधी इंजिन बंद ठेवून नुसता डेक लावला. स्वच्छ. इंजिन सुरू केलं, शिट्टी हजर. मग व्हॉल्यूम शून्यावर आणला, तरी शिट्टी तेवढीच. ही खूण महत्त्वाची. व्हॉल्यूम कमी केल्यावर शिट्टीही कमी झाली असती, तर ती डेकच्या आत किंवा त्याच्याही आधी शिरतेय असं धरलं असतं. इथं ती व्हॉल्यूमच्या पुढं, म्हणजे डेकचं गाणं अँपपर्यंत नेणाऱ्या आरसीए केबलमध्ये नाहीतर अँपमध्ये शिरत होती. अँप बंद करून दोन्ही आरसीए उपटल्या, परत चालू केलं. शांत. म्हणजे अँप आणि स्पीकरच्या वायरी निर्दोष. नंतर दाजींचा मोबाईल (चार्जरला न लावता) थेट अँपला जोडला आणि गाणं लावलं. तेही स्वच्छ, इंजिन रेस केलं तरी. दाजी म्हणाले, "मग डेकच खराब असणार की!" नाही. मोबाईलला गाडीची अर्थिंग (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) नसते, डेकला असते. फरक तिथं आहे.

डेकची अर्थिंग डॅशबोर्डमागं, अँपची डिकीत. दोन्ही जागी बॉडीचं व्होल्टेज सारखं असेल तर काही होत नाही. पण एका टोकाचा जोड कच्चा असला की दोन जागांत थोडा फरक पडतो, आणि अल्टर्नेटरच्या त्या लहरी परतीची वाट म्हणून आरसीए केबलच्या जाळीतून वाहायला लागतात. अँप बिचारं त्यालाही गाणं समजून मोठं करतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. पॅनेलमध्ये केबलची शील्ड, म्हणजे अशीच जाळी, दोन्ही टोकांना अर्थ केली की सेन्सरचं रीडिंग नाचतं, तीच भानगड इथं.

डिकीतला गालिचा उचलला आणि हसूच आलं. अँपची काळी वायर एका पत्र्याच्या स्क्रूनं थेट रंगावर आवळलेली. रंग म्हणजे इन्सुलेशनच की! स्क्रूच्या आट्यांनी जेवढा पत्रा चावला होता तेवढीच अर्थिंग.

तरी मी मोजून बघितलं. अशा ठिकाणी मल्टिमीटर ओहमवर लावून उपयोग नाही, मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स दोन-तीन दशांश ओहम असतो. गाणं जोरात लावायचं आणि बॅटरीचा निगेटिव्ह ते अँपचा ग्राउंड टर्मिनल यांच्यात डीसी व्होल्ट बघायचे. ०.१ च्या आत असले तर ठीक. इथं वूफरच्या प्रत्येक ठोक्याला मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर उडी मारत होता.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला, दहाचा पाना बास झाला. पॉलिश पेपरनं रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली. लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) नीट दाबून क्रिम्प केला, आरपार बोल्ट टाकून स्टार वॉशर लावून आवळला आणि वरून ग्रीसचा हात दिला. दाजींचं गाव गगनबावड्याकडं, तिथल्या पावसात उघडा पत्रा एका हंगामात गंजतो. वायरही छोटी केली. दुकानदारानं उरलेली सगळी वायर गुंडाळी करून मागं कोंबली होती.

शिट्टी गेली. कान लावला तर अगदी पुसट काहीतरी उरलं होतं, ते दोन कारणांनी. आरसीए आणि अँपची जाड लाल वायर एकाच बाजूनं, एकमेकींना चिकटवून आणलेली. आमच्याकडं पॉवर आणि सिग्नल एका डक्टमध्ये टाकणाऱ्या पोराला मी सगळं परत उसवायला लावतो. आरसीए डाव्या दाराच्या पट्टीखालून फिरवली. दुसरं म्हणजे अँपचा गेन पूर्ण उजवीकडं. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेकच्या सिग्नलशी अँपची सांगड घालायचं ते बटण. तो पूर्ण वाढवला की डेककडून येणारा बारीकसारीक कचराही मोठा होतो. निम्म्याच्या खाली आणला. दाजींना आवाज कमी वाटला, डेकचा व्हॉल्यूम वाढवून दिला, खूश.

फिल्टर वाईटच असतो असं नाही. मोबाईल चार्जरला लावून ऑक्सच्या वायरनं गाणी ऐकताना जी शिट्टी येते, तिथं तो उपयोगी पडतो. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते लूप तोडतात. स्वस्तातले बेसही खातात. त्यापेक्षा ब्लूटूथ लावा, लूपच होत नाही.

आणि एक हात जोडून. डायनामो तपासायला चालू गाडीचा बॅटरी टर्मिनल उपटणारे मिस्त्री अजून आहेत. व्होल्टेज एकदम उसळतं, डेक आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात. डायनामोच बघायचा असेल तर चालू इंजिनवर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का बघा, मग मीटर एसीवर टाका. तिथं अर्धा व्होल्ट दिसला तर डायोड गेलाय, तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडं.

दाजींची नवी तक्रार आली आहे: डॅशकॅम लावल्यापासून एफएमवर खरखर. ती कॅमेऱ्याच्या स्वस्त चार्जरची, प्लग काढला की जाते हे त्यांनाही दाखवलं. चार्जर मात्र अजून बदललेला नाही. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलाय म्हणतात.