गोळी बंद

आज मॅडमनी लोहाची गोळी बंद केली. एवढंच झालं. कुणाला सांगितलं तर म्हणेल, सुटलीस! आणि मी मात्र नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत तोंड पाडून चालत आले. कठड्याशी थोडा वेळ उभी राहिले, मग उगाच एक मक्याचं कणीस घेतलं आणि अर्धं टाकून दिलं.

मार्चमध्ये सुरू केली होती. हिमोग्लोबिन 12.4 आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी बाण बघितला आणि फेरस अस्कॉर्बेट लिहून दिली, रोज एक. पंधरा दिवसांत पोटाचं जे झालं ते इथे लिहीत नाही. मग दिवसाआड केली. एक गोळी पोटात गेली की शरीर पुढचा दिवसभर दार लोटून घेतं म्हणे, दुसऱ्या दिवशीची बरीचशी वायाच जाते. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहापासून लांब. त्या गोळीपायी सकाळचा चहा सोडला मी. मी!

मॅडमनी या वेळी फेरिटिनही करायला सांगितलं होतं, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. ते आलं 146. "अगं, कोठार भरलेलं आहे तुझं. कशाला घेतेयस?" मग पेनने बाणाभोवती गोल काढला आणि तिथून वर रेघ ओढली, थेट लिंगाच्या रकान्यापर्यंत. तिथे अजून 'पुरुष'. आधार कार्ड बदललं, लॅबच्या संगणकात मी जुनीच. म्हणजे जुनाच. पुरुषांना 13च्या खाली कमी धरतात, बायकांना 12च्या. टेस्टोस्टेरॉन रक्त बनवायला रेटत असतं, ते उतरलं की काही महिन्यांत हिमोग्लोबिनही उतरतं आणि बायकांच्या पातळीवर येऊन बसतं. लोह कितीही गिळलं तरी ते वर चढणार नाही, कारण लोहाची कमतरता नव्हतीच. "हे तर व्हायलाच हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

इथे मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मॅडम फाइल मिटताना पुढे म्हणाल्या, "शिवाय तुला महिन्याचं काही नाही. जादा लोह जाणार कुठून? साठत राहील यकृतात."

बरोबरच आहे. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वेगळी सोय नाही, हे मीही वाचलेलं आहे. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, असती तर मला कळली असती, तेवढा सराव आहे. तरी ते वाक्य जिन्यात माझ्याबरोबर उतरलं, रस्ता ओलांडला, आत्ता वहीवर बसलंय. तुला महिन्याचं काही नाही.

आमच्या घरात लोहाची गोळी पुरुषांनी कधी घेतली नाही. आजीचे हळिवाचे लाडू, आईची फ्रिजवरची बाटली, वहिनीच्या सरकारी लाल गोळ्या, रोज एक, 180 दिवस. दादाला यातलं काही ठाऊकसुद्धा नसेल. मार्चमध्ये लेडीज डब्यात मी पहिल्यांदा पाकीट फोडलं तेव्हा मुलुंडची ती बाई म्हणाली, "मलापण हीच. पोट धरतं ना?" तेवढ्यावर भांडुप ते दादर गप्पा. जांभळी गोळी कुणाची, बी-12 कुणाचं किती, कुणाच्या सासूने बीट खाऊन कसं दोनने वाढवलं. त्याआधी त्या डब्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं, पण ते वेगळं.

तर मी एका बद्धकोष्ठ करणाऱ्या गोळीसाठी रडतेय. लिहिल्यावर किती हास्यास्पद दिसतंय हे! बायकांचा रक्तक्षय हवा होता का मला? वहिनीला विचार म्हणावं, देईल अर्धा काढून. ती चक्कर येऊन ओट्याशी बसायची ते काय गंमत होती?

तरीपण.

आणि दुसरी गोष्ट मनुकांची. मार्चपासून आई रोज रात्री वाटीत दहा काळ्या मनुका भिजत घालते. सांगत नाही, विचारत नाही, सकाळी टेबलावर वाटी असते. त्याआधीची दोन वर्षं टेबलावर काय असायचं ते जाऊ दे. त्यामुळे घरी आल्यावर गोळी बंद झाल्याचं लगेच सांगितलं नाही. चहा टाक म्हणाले फक्त.

तिने गॅस लावता लावता वळून पाहिलं. "चहा? गोळी?"

"बंद केली."

"बरं." हात पुढे. "किती उरल्यात?"

"सात."

"आण इकडे. माझं दहावर आलंय. फुकट कशाला घालवायच्या?"

मी म्हटलं, अशी घ्यायची नसते, आधी फेरिटिन करून घे, या वयात रक्त का कमी झालं तेही बघावं लागतं, शनिवारी जाऊ या दोघी.

"डॉक्टर झालास का..." थांबली. साखरेचा डबा उगाच आपटला. "झालीस का मोठी?"

पाकीट डब्यामागे ठेवून दिलं तिने. शनिवारपर्यंत हात लावणार नाही म्हणतेय, माझा विश्वास नाही. चहा तोवर उकळून कडू झाला होता. दोन कप प्यायले.