साठ दिवसांची मुदत

आज मावसबहिणीसोबत कौटुंबिक न्यायालयात गेले होते. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज आहे. पुकारा झाला, समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, मिळाली. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची! मुलाची फी तोवर कुठून भरायची, हे तिला कुणीच विचारलं नाही.

खरं तर नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये 2001 च्या दुरुस्तीत आली. पोटगीवरची महिना 500 रुपयांची मर्यादाही तेव्हाच गेली. 1 जुलै 2024 पासून या जुन्या कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. पण 60 दिवस उलटले तर पुढे काय, याचं उत्तर त्यातही नाही. दुरुस्ती हवी ती इथे.

सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यात (2020) दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. दोन संधी देऊनही मुद्दाम टाळाटाळ झाली, तर टाळणाऱ्याचा बचाव रद्द करण्याचा, म्हणजे त्याची बाजू विचारात न घेण्याचा विचार न्यायालय करू शकतं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यायची आहे. तारखांना जाणाऱ्या मैत्रिणींनो, प्रतिज्ञापत्र आणि अर्जाची तारीख, हे दोन मुद्दे वकिलांना आवर्जून विचारा. बहिणीला आजच कळले.

माझं म्हणणं एवढंच की 60 दिवसांत निकाल लागला नाही, तर किमान मुलांच्या खर्चापुरती रक्कम आपोआप सुरू व्हावी, आणि हे कलमातच लिहिलेलं असावं.