चारच्या पाढ्यातली नाडी

स्मरणिकेसाठी लेख मागायला ज्याचा फोन आला, तो माझ्याच वर्गातला. त्यानं आधीच बजावलं, "घंटा, पटांगण आणि मधली सुट्टी हे तिन्ही विषय गेलेत. तू सरांवर लिही." कुठल्या सरांवर, हे त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या १९८७ च्या दहावीत नुसतं 'सर' म्हटलं की ते विज्ञानाचे सर. बाकीच्यांना आडनाव लावावं लागायचं.

आठवीच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रयोगवहीचं पान उभं दुमडायला लावलं. डाव्या बाजूला 'दिसलं', उजव्या बाजूला 'पुस्तकात'. नियम एकच, डावी बाजू भरेपर्यंत पुस्तक दप्तरात. आम्हाला हा खेळ वाटला आणि खेळात जशी करतात तशी आम्ही लबाडी केली.

पहिला प्रयोग नाडीचा. मनगटावर दोन बोटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर, मिनिटाला किती ठोके ते लिहायचं. वर्गात आम्ही ४३ जण. सरांनी वह्या गोळा केल्या, चाळल्या आणि फळ्यावर आकडा लिहिला : ३१. एकतीस जणांची नाडी बरोबर ७२ होती. त्यांत मीही होते. पुस्तकात ७२ असतं हे आम्हाला मोठ्या भावंडांकडून ठाऊक होतं. सर म्हणाले, "एकतर तुम्हा एकतीस जणांत मिळून एकच हृदय आहे, नाहीतर एकच पुस्तक."

पुन्हा मोजायला लावलं. या वेळी आम्ही प्रामाणिक होतो. ७६, ८४, ८८, ८०, ९२ असे आकडे आले. आम्हाला वाटलं, सुटलो. सर फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या नाड्या चारच्या पाढ्यात कशा काय बसल्या?"

कुणीच पूर्ण मिनिट मोजलं नव्हतं. पंधरा सेकंदं मोजून चारनं गुणलं होतं. सरांचं म्हणणं, घाईत असलेल्या डॉक्टरनं तसं केलं तर चालेल, कारण आपण काय करतोय हे त्याला माहीत असतं. तुम्ही मात्र न मोजलेली पंचेचाळीस सेकंदं मोजली म्हणून लिहिलीत. एक ठोका चुकला की चार चुकतात. तिसऱ्या खेपेला मी पूर्ण मिनिट मोजलं. त्र्याऐंशी आले. कुठल्याच पाढ्यात न बसणारी संख्या. मला तिचा उगाचच अभिमान वाटला आणि घरी जाऊन मी तो आकडा सगळ्यांना सांगितला.

त्याच आठवड्यात हात बांधण्याचा प्रयोग झाला. कोपराच्या वर रुमाल आवळायचा, की खालच्या नीला फुगून वर येतात आणि त्यांवर मधेमधे बारीक गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा. फुगलेल्या नीलेवर एक बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटानं रक्त पुढच्या गाठीपलीकडे खांद्याच्या दिशेनं सरकवायचं. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली परतत नाही. खालचं बोट उचललं की झरकन भरतो. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं १६२८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात याच हाताची चित्रं दिली आहेत. सरांना त्याचं गणित जास्त आवडायचं. हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात सगळ्या शरीरात मावणार नाही इतकं रक्त होतं. शरीर घडीघडीला एवढं नवं रक्त बनवू शकत नाही. म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे. पण ते धमन्यांतून नीलांमध्ये जातं कुठून, हे हार्वेला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. मार्चेल्लो माल्पिगीला बेडकाच्या फुफ्फुसात या दोन्हींना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या दिसल्या त्या १६६१ मध्ये. "चार वर्षं," सर बोटं वर करून म्हणायचे, जणू हार्वे त्यांच्या घरातला कुणी होता आणि त्याची गाडी थोडक्यात चुकली होती.

डबक्यातलं पाणी, गांडूळ, वाटाण्याचे मोड, चुंबकाला चिकटणारी वाळू, हे सगळं झालं. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. सूक्ष्मदर्शक एकच होता आणि माझा नंबर येईपर्यंत पॅरामेशियम नेहमी काचेबाहेर गेलेला असे.

नववीत वहीला तिसरा रकाना आला : 'मग काय?' त्याला कारण यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंटचं झाड. या गृहस्थानं २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरली, पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड १६९ पौंडांवर गेलं आणि माती वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी. सरांनी विचारलं, "याचा डावा रकाना कसा आहे?" आम्ही म्हणालो, उत्तम. "आणि निष्कर्ष?" त्यानं निष्कर्ष काढला होता की झाड निव्वळ पाण्यापासून बनतं. झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतून येतो, ती हवा त्यानं तोललीच नव्हती. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द याच माणसानं घडवला आणि लाकूड जळताना निघणाऱ्या वायूबद्दल लिहिलंही. नीट पाहूनही माणूस चुकतो, असं सर म्हणाले, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना यातून आम्हाला काय सांगायचं होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. न बघणारा चुकतो इतपतच माझी तयारी झाली होती.

जिभेचा तास मात्र सगळ्यांना आठवत असेल. पुस्तकात जिभेचा नकाशा होता. टोकाला गोड, कडेला खारट आणि आंबट, मागे कडू. सरांनी चार बाटल्यांत चार द्रावणं केली. कडू द्रावण कशाचं होतं हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. जोड्या करायच्या, एकानं डोळे मिटून जीभ बाहेर काढायची, दुसऱ्यानं कापसाच्या काडीनं थेंब लावायचा, प्रत्येक वेळी चूळ भरायची. माझ्या जोडीदारणीला जिभेच्या टोकावर कडू लागलं. इतकं लागलं की ती बेसिनकडे पळाली. कडेला गोड लागलं. मला मागे खारट लागलं. वर्गभर हेच. कुणाचाही नकाशा पुस्तकाशी जुळेना.

मी उठून विचारलं, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत आकृती काढ आणि दोन मार्क घे. वहीत खोटं लिहू नकोस."

हा सल्ला आदर्श शिक्षकाच्या चौकटीत बसत नाही हे मला मान्य आहे. पण त्याहून व्यवहारी आणि प्रामाणिक सल्ला मला पुढे कुणी दिला नाही. त्या नकाशाची कुळकथा मला फार उशिरा वाचायला मिळाली. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकानं जिभेच्या कडेवर कुठली चव किती सौम्य असतानाच ओळखू येते ते मोजलं. फरक होते, पण अगदी थोडे. १९४२ मध्ये हार्वर्डच्या एडविन बोरिंगनं आपल्या पुस्तकात त्या मोजमापांचा आलेख असा काढला की जिथे चव थोडी कमी जाणवते तिथे ती जाणवतच नाही असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. पुढे एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात तो नकाशा उतरत गेला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजून पाहिलं, फरक किरकोळच निघाले. म्हणजे आमची काडी जिभेवर फिरत होती तेव्हा उत्तर छापून बारा वर्षं झाली होती. नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. चारच चवी म्हणून आम्ही घोकत होतो, त्यांत पाचवी, उमामी, किकुनाए इकेदानं १९०८ मध्येच सुचवलेली होती.

आता माझ्या कामाबद्दल, कारण वहीचा संबंध तिथे येतो. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून, काचपट्टीवर ठेवून, वरून अंगठ्यानं दाबून पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे दोरे, बघायची असतात, तो प्रयोग सरांनी आम्हा चौघी-पाच जणींना शाळा सुटल्यावर दाखवला होता. कांद्याची गुणसूत्रं सोळा. मला लाल दोऱ्यांचा पुंजका दिसला. मी डावीकडे लिहिलं, "१४ किंवा १५, गुंता." सरांनी 'गुंता' या शब्दाखाली बरोबरची खूण केली. मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले याचं खापर मी त्या खुणेवर फोडते.

शिकत असताना माणसाच्या गुणसूत्रांची गोष्ट वाचली आणि नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. थिओफिलस पेंटरनं १९२१ मध्ये लिहिलं होतं की सर्वांत स्पष्ट पेशींत त्याला ४६ च दिसताहेत. १९२३ मध्ये त्यानं ४८ वर शिक्कामोर्तब केलं. पुढची तीस-बत्तीस वर्षं जगभर सगळ्यांना ४८ दिसली. १९५२ मध्ये टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत चुकून द्रावणात क्षार कमी पडले, पेशी पाणी पिऊन फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी होऊन पसरली. गुंता सुटला. तरी शूंनी मोजली ती ४८. अखेर स्वीडनच्या लुंडमध्ये जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी मोजली आणि १९५६ मध्ये ४६ छापली. त्यांच्या निबंधाच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, ते मला पाठ असल्यासारखंच आहे. त्यांच्या आधी काही सहकाऱ्यांनी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी तपासायला घेतल्या होत्या आणि ते काम थांबवलं, कारण त्यांना सगळी ४८ सापडेनात. पुन्हा पुन्हा ४६ च भरत होती.

आम्ही एकतीस जण होतो, त्यांच्यात आणि आमच्यात फरक वयाचाच. किंबहुना ते जास्त सरळ. त्यांनी ४८ लिहिलं तरी नाही, काम बाजूला ठेवलं.

आमच्याकडे रक्ताचा नमुना आला की त्यातल्या पांढऱ्या पेशी ७२ तास वाढवतात. (हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही.) मग औषध घालून विभाजन मधेच रोखायचं, विरळ क्षारद्रावणात पेशी फुगवायच्या, काचपट्टीवर थेंब टाकायचा, रंगवायचं आणि साधारण वीस पेशींतली गुणसूत्रं मोजायची. वीस का, तर काही माणसांच्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बऱ्याच पेशींत ४६ आणि थोड्यांत ४७ असं असू शकतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी एक नमुना घेऊन बसले. पहिल्या नऊ पेशी नीट मोजल्या. ४६, ४६, ४६. दहाव्या पेशीपासून मी मोजणं सोडलं आणि बघायला लागले. नजरेला एकदा सवय लागली की पसारा ४६ सारखा दिसतो. वीसही ओळींत ४६ लिहून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंनी पडताळणी केली. माझ्या शेवटच्या अकरांपैकी तीन पेशींत ४७ होती. अहवाल बाहेर गेलेला नव्हता, हे नशीब. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिलीनं तीन आकड्यांभोवती गोल केले. ज्या घरात तो अहवाल जाणार होता, तिथे गेली कित्येक वर्षं उत्तर शोधत होते, आणि ते मी न मोजलेल्या पेशींत होतं.

हे मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेले तेव्हा सांगितलं. आता त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून हे कबुलीजबाबाचं प्रकरण मला मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं आणि आतल्या खोलीतून काकू बाहेर आल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. बोलले काही नाहीत. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "आजकाल ठोके चुकतात म्हणे माझे. बघ बरं."

मी मनगटावर दोन बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चौसष्ट," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "सोळा चोक?"

मी गप्प. त्यांनी हात तसाच पुढे ठेवला, काकूंना टीव्ही बंद करायला सांगितलं, आणि मी सेकंदकाटा बारावर येण्याची वाट बघत बसले.