कळ कमरेत, सुया कानात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं, चकमध्ये जॉब बांधायला वाकायचं. कंबर धरणं हे आमच्या लाइनीत कुणाला नवल नाही, पण माझी धरली ती सोडेचना. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. खालच्या मणक्यांमधली एक गादी थोडी फुगलीय, पण पायात ताकद आहे, लघवीवर ताबा आहे, म्हणजे ऑपरेशनचं काम नाही, असं ते म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम सांगितला. गोळ्यांनी पित्त खवळायचं आणि व्यायामाला आडवं झालं की कळ यायची.

कानातल्या सुयांचं नाव फिजिओथेरपीच्या मॅडमनी काढलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "कंबर दुखतीया आन् कान टोचून घ्यायला चाललास व्हय रं? मग गुजरीतला सोनार काय वाईट हाय?"

राजारामपुरीतल्या त्या सुयांच्या डॉक्टरांना मी पहिल्यांदा नोंदणी विचारली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचारासाठी, वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा विचारायला लाजायचं कारण नाही. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो होता. आपले सोलापूरचे कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बसूंनी पुढं ही विद्या भारतात आणली. कानाचा नकाशा मात्र फ्रान्सचा. लिऑनचे डॉ. पॉल नोजिए यांना १९५० च्या दशकात काही पेशंटांच्या कानावर डाग दिल्याची खूण दिसली. पायात उतरणारी कळ त्यानं थांबली, असं ते पेशंट सांगत. त्यावरून नोजिएंनी कानात उलटं बाळ कल्पलं. पाळीशी डोकं, वर पाय आणि आतल्या वळकटीवर पाठीचा कणा.

डॉक्टरांनी बोथट टोकाची एक धातूची काडी घेतली आणि त्या वळकटीवरून दाबत दाबत वर सरकले. बराच वेळ नुसतं दाबल्यासारखं वाटत होतं. वरच्या बाजूला एका ठिकाणी टोक टेकलं आणि मी खुर्चीतनं उडालो. जरा शेजारी तेवढ्याच जोरानं दाबलं, तर काहीच नाही. आम्ही शंभराव्या मिलिमीटरवर भांडणारी माणसं, मी डोळे मिटून त्यांना पुन्हा शोधायला लावलं. तीच जागा निघाली.

सुया केसासारख्या बारीक, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं. कानात मांस कमी आणि कूर्चा जास्त, त्यामुळं चांगलंच झोंबतं. "अजिबात दुखत नाही" म्हणणाऱ्यानं स्वतः टोचून घेतलेलं नसतं. थोड्या वेळात कान तापून लालबुंद झाला. सुया कानात असतानाच त्यांनी मला उठून वाकायला लावलं. हात गुडघ्याच्या खाली गेले, एरवी गुडघ्याशीच अडायचे. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं, सकाळी कंबर परत जागेवर.

अमेरिकी हवाई दलातल्या डॉ. निमत्झो यांनी २००१ मध्ये बसवलेल्या पद्धतीत बारीक टोचण्या काही दिवस कानातच ठेवतात. तसं करा म्हटलं, तर डॉक्टरांनी साफ नकार दिला. वर्कशॉपातलं कूलंट, ऑइल, लोखंडाचा कीस! कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिथं पू झाला तर लवकर बरा होत नाही आणि कानाचा आकारही जातो. त्याऐवजी त्यांनी मोहरीएवढ्या काळ्या बिया चिकटपट्टीनं लावून दिल्या. दिवसातून चार-पाचदा चिमटीत धरून दाबायच्या, जागा हुळहुळली की काढून टाकायच्या. हेल्मेट काढताना पट्टी हमखास त्यातच अडकायची.

काही आठवड्यांनी कळ बोथट झाली. सकाळचा ताठपणा तसाच होता, पण मॅडमनी दिलेले व्यायाम आता दात-ओठ न खाता होत होते. कंबर सुधारली ती त्यानंतर. मग श्रेय सुयांचं की व्यायामाचं? डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. चाचण्यांमध्ये खोट्या सुया लावलेल्यांनाही पुष्कळदा बरं वाटतं, असं त्यांनीच सांगितलं. कंबरदुखीवर ॲक्युपंक्चर देऊ नका, असं कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१६ मध्ये म्हटलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं ते चालेल म्हणून सांगितलं. मोठ्यांचं तिथं जमेना, तर मी निकाल कुठं देऊ!

गादी फुगलेलीच असणार, दुसरा एमआरआय मी काढलेला नाही. सुया बंद आहेत, कमरेचा पट्टा माळ्यावर गेलाय, व्यायाम चालू आहे. शेजारच्या शेडमधला एकजण परवा कान पुढं करून आला, "भावा, माझ्या गुडघ्याचं कुठं दाबायचं?" तो रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेतो. त्याला म्हटलं, पहिलं तुझ्या डॉक्टरला विचार, मग सुयांचं बघू.