पट्टायात फ्लॅट घ्यायचाय? आधी रात्रीचे दिवे मोजा

थायलंडमधल्या पट्टायाच्या जोम्तिएन किनाऱ्यावर रात्री नऊच्या सुमारास एखाद्या तीस मजली इमारतीसमोर उभं राहायचं आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजायच्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन असतो, तेव्हा नाही. जून किंवा सप्टेंबरमध्ये. नंतर त्याच इमारतीचे किती फ्लॅट विक्रीला आहेत ते दोन-तीन साइटवर बघायचं. एकाच मापाचे, एकाच दिशेचे पंधरा स्टुडिओ विकायला पडून असतील, तर तुमचा सोळावा. शेजारच्या प्लॉटवर बिल्डर नवा टॉवर बांधतोय आणि हप्त्यांवर देतोय, त्याच्याशी स्पर्धा वेगळी. बाली हाय धक्क्याजवळचा अर्धवट मनोरा 2014 साली काम थांबल्यावर वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला. तिथे फ्लॅट बघणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं.

मालकीचा नियम सरळ आहे. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, कॉन्डो म्हणजे इमारतीतला फ्लॅट घेता येतो. पण इमारतीतल्या विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी नावं चढतात. याला फॉरिन कोटा म्हणतात. ‘तोच फ्लॅट, थाई कोट्यात, स्वस्तात’ असं एजंट म्हणाला की समजायचं, तुमचं नाव लागणार नाही. मग पर्याय येतात: 30 वर्षांचा लीज किंवा नामधारी थाई भागीदारांची कंपनी. लीज ‘30 अधिक 30 अधिक 30’ असा विकतात, पण कायद्यात पहिलीच तीस पक्की. नामधारी कंपनी सरळसरळ बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊच नये.

आता हिशोब. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या फ्लॅटचे घालून बघा. 35 चौरस मीटरचा स्टुडिओ, किंमत 25 लाख बाट. मेंटेनन्स दर चौरस मीटरला महिना 45 बाट, म्हणजे वर्षाला 18,900. भाडं महिना 11,000 आणि वर्षातून सात महिने भाडेकरू: 77,000. त्यातून हा मेंटेनन्स, एजंटचं एक महिन्याचं भाडं 11,000, आणि एसी, गीझर, रंगकाम, विमा यांचे मिळून 10,000 वजा करा. हातात 37,100 बाट, म्हणजे जेमतेम दीड टक्का, तोही कर भरण्याआधी. बंद फ्लॅटमध्ये समुद्राच्या दमट हवेने गाद्यांना आणि कपाटांना बुरशी धरते, त्यामुळे रिकाम्या महिन्यांतही कुणीतरी येऊन एसी चालवायला लागतो.

‘रोजच्या भाड्याने दुप्पट मिळतं’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं थायलंडच्या 2004 च्या हॉटेल कायद्याखाली येतं आणि त्याला परवाना लागतो. शिवाय बऱ्याच इमारतींचे स्वतःचे नियमही त्याला मनाई करतात. बिल्डर कबूल करतो त्या गॅरंटीड भाड्याचं म्हणाल तर तीन वर्षं, वर्षाला सात टक्के म्हणजे एकवीस टक्के. बहुतेक वेळा ते किमतीत आधीच चढवलेले असतात. आपलेच पैसे हप्त्याहप्त्याने परत. गॅरंटी संपते तेव्हा सगळ्या मालकांची एकाच महिन्यात संपते, आणि त्या महिन्यात भाडी कोसळतात.

पैसे पाठवण्यात सर्वात जास्त घोळ होतात. रक्कम परकीय चलनात थायलंडला पोचली पाहिजे आणि बाटमध्ये तिथेच बदलली पाहिजे. इथल्या बँकेने बाट करून पाठवले तर लँड ऑफिसात, म्हणजे फ्लॅट नावावर होतो त्या सरकारी कचेरीत, अडचण. पाठवणाऱ्याचं नाव आणि खरेदीदाराचं नाव एकच हवं. नवऱ्याच्या खात्यातून पैसे आणि फ्लॅट बायकोच्या नावावर, इथे गाडी अडते. संदेशाच्या रकान्यात इमारतीचं नाव, युनिट नंबर आणि ‘कॉन्डो खरेदी’ इंग्रजीत लिहायला सांगा. 50,000 डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर थाई बँकेकडून एफईटी (परकीय चलन व्यवहाराचा) फॉर्म घ्यायचा, कमी असेल तर बँकेचं पत्र. हा कागद जपा: उद्या विकून पैसे बाहेर काढताना तोच मागतात.

आपल्या बाजूला एलआरएसची, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर. बाट पावणेतीन रुपये धरला तर वरच्या फ्लॅटला सुमारे पावणेबारा लाख अडकतात. रिटर्नमध्ये ते वळते होतात, पण तोवर जवळ हवेत. रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, फ्लॅट दाखवायचा, भाडं असो वा नसो. न दाखवल्यास 10 लाखांच्या दंडाची तरतूद आहे.

नाव चढवायला सरकारी मूल्यांकनाच्या 2 टक्के फी लागते. ती कोण भरणार हे करारात आधीच ठरवा. पाच वर्षांच्या आत विकलं तर विकणाऱ्याला 3.3 टक्के व्यवसाय कर. नाव चढवण्याच्या दिवशी इमारतीच्या ज्युरिस्टिक ऑफिसची (व्यवस्थापन कार्यालयाची) दोन पत्रं लागतात: थकबाकी नसल्याचं आणि फॉरिन कोटा शिल्लक असल्याचं. रीसेलमध्ये आधीच्या मालकाची थकबाकी इथेच उघडी पडते. म्हणून बुकिंगची रक्कम देतानाच पावतीवर लिहून घ्या, की यातलं एकही पत्र मिळालं नाही तर पैसे पूर्ण परत.